शुद्ध नेशिउ

गेल्या मे महिन्यात गोव्यातल्या म्हार्दोळच्या आमच्या मूळ घराची कौलं उतरवली. उतरवायची, वासे तपासायचे, वाळवीने पोखरलेले बदलायचे आणि मृगाच्या आत पुन्हा शाकारून घ्यायचं, असा भाऊकाकांचा बेत होता. काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. वयाच्या मानाने त्यांना मोबाइल चांगला जमतो, म्हणजे ते फोटो काढतात आणि घरच्या ग्रुपवर टाकतात. खाली मजकूर लिहायचा कंटाळा करतात, पण फोटोतच सगळं कळलं पाहिजे अशी त्यांची अपेक्षा असते.

त्या दिवशीचा फोटो देवखोलीचा होता. वर छप्पर नाही. शंभर वर्षं समईची काजळी खाऊन काळंकुट्ट झालेलं आढं, आणि त्या काळ्या लाकडावर आयुष्यात पहिल्यांदाच पडलेलं ऊन. खाली देव्हाऱ्यावर निळी ताडपत्री, ती उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार चिरे. एका कोपऱ्यात कौलांची चळत, सर्वांत वरच्या कौलावर मंगळूरच्या कारखान्याचा ठसा स्पष्ट दिसत होता. मी ऑफिसात होते. फोटो उघडला आणि बराच वेळ बंद करवेना.

तेवढ्यात पुण्याहून काकांच्या नातवाचा निरोप उमटला. ‘नाइस पिक आजोबा.’ पुढे एक अंगठा.

संध्याकाळी काकांचा फोन. “बाय, वाचलंस?”

“वाचलं.”

“घराचं डोकं उघडं पडलंय, आणि हा म्हणतो नाइस! अगो, घर पाडलं असतं तर काय म्हणाला असता, व्हेरी नाइस? नेशिउ तो. शुद्ध नेशिउ!”

हा शब्द मी काकांच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आले आहे. काकांचं शिक्षण सुरुवातीला पोर्तुगीजमधून झालं. १९६१च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तेव्हा ते चौदा वर्षांचे होते, ‘सेगुंदु ग्राव’ची परीक्षा नुकतीच झालेली. मग मराठी, मग इंग्रजी. आता त्यांचे हिशोब मराठीत, भांडणं कोकणीत आणि शिव्या पोर्तुगीजमध्ये. त्यांच्या प्रोफेसोरकडे म्हणे मूर्खांच्या दोन जाती होत्या. गणित चुकलं तर ‘बुर्रु’, म्हणजे गाढव. आणि गणित चुकलंय हेच ज्याला कळलं नाही तो ‘नेशिउ’. पहिल्याला पट्टी, दुसऱ्याला नुसता हात झटकून रामराम. काकांनाही तो भेद अजून पाळायचा असतो. दूधवाल्याने माप चुकवलं तर तो बुर्रु. नातू नेशिउ.

मी हसून फोन ठेवला खरा, पण तो ‘नाइस’ माझ्याही घशात अडकला होता. त्याला कारण आहे.

पंचवीसेक वर्षांपूर्वी मी पणजीतल्या एका मराठी दैनिकात नवी उपसंपादक होते. डेस्कवर येणाऱ्या इंग्रजी बातम्यांची मराठी करायची, पान सोडायची वेळ टळू द्यायची नाही, एवढंच तेव्हा जीवनाचं ध्येय. एका रात्री मुंडकाराच्या खटल्याची बातमी आली. भाटकार, म्हणजे जमिनीचा मालक, आणि मुंडकार यांच्यात घरामागच्या परसाच्या हद्दीवरून वाद. गोव्यात १९७५चा मुंडकार कायदा आहे, दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याला त्यातून संरक्षण मिळतं. पण घर म्हणजे नेमकं कुठपर्यंत? पागोळीपर्यंत, विहिरीपर्यंत, की माडापर्यंत? बातमीत एक वाक्य होतं, न्यायाधीशांनी यात ‘अ नाइस क्वेश्चन ऑफ लॉ’ उद्भवतो असं म्हटल्याचं. मी बिनदिक्कत लिहिलं: ‘हा एक छान कायदेशीर प्रश्न असल्याचे न्यायालयाने नमूद केले.’

तिसऱ्या पानावर छापून आलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता एका वकिलांचा फोन. आवाज अगदी थंड. “छान कुणाला वाटला हो? माझ्या अशिलाला वीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढून तो छान वाटलेला नाही.” मी गप्प. वृत्तसंपादकांनी मला बोलावलं. ते रागावले नाहीत, जे अधिक वाईट. खिशातलं बॉलपेन काढून त्यांनी वर्तमानपत्राच्या समासात एक रेघ ओढली, तिच्या अगदी लगत, मध्ये कागद दिसतो न दिसतो अशी दुसरी ओढली, आणि म्हणाले, “या दोन रेघांत जो फरक आहे ना, तो नाइस. नाइस म्हणजे इथे बारीक. सुईच्या टोकावर उभा असलेला प्रश्न. इकडे झुकला तर भाटकार जिंकला, तिकडे झुकला तर मुंडकार.”

तेव्हापासून ‘नाइस’ दिसला की मी आधी थांबते. पण तो बारीकही असतो आणि छानही, हे कसं, हे मात्र मी कधी शोधलं नव्हतं. पोटापाण्याच्या भाषेचं असंच होतं, वापरायची इतकी घाई की तिची विचारपूस राहून जाते. काकांच्या फोननंतर शनिवारी सुट्टी होती. पणजीत पाट्ट्यावरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात गेले. कृष्णदास शामांचं नाव असलेलं हे ग्रंथालय १८३२ सालचं, पोर्तुगीज अमदानीत सुरू झालेलं. त्यामुळे तिथे इंग्रजीचे आणि पोर्तुगीजचे कोश एकाच छपराखाली सापडतात. ‘नाइस’ काढला. कोशात व्युत्पत्ती वाचली. मग उठून पोर्तुगीज कोश काढला, ‘नेशिउ’ बघितला. आणि वाचनकक्षात मोठ्याने हसले. समोरच्या स्पर्धा परीक्षावाल्या मुलाने दचकून वर पाहिलं.

दोन्ही शब्द एकच आहेत.

लॅटिनमध्ये ‘स्किरे’ म्हणजे जाणणे. त्याच्या आधी नकाराचा ‘ने’ लागला की ‘नेस्कियुस’, न जाणणारा, अजाण. हा शब्द पोर्तुगालात जवळजवळ आहे तसा उतरला, अर्थासकट, आणि ‘नेशिउ’ झाला. तोच फ्रान्समध्ये झिजून ‘नीस’ झाला, अर्थ तोच, बावळट. आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचांकडून इंग्रजीत शिरला तेव्हाही ‘नाइस’ माणूस म्हणजे मूर्ख माणूस. म्हणजे काका नातवाच्या ‘नाइस’वर चिडून जी शिवी देत होते, ती त्या ‘नाइस’चीच सख्खी बहीण. नातवाने म्हटलं नाइस, आजोबांनी उत्तर दिलं नाइस, आणि दोघांचं भांडण.

त्याच ‘स्किरे’ला नकार न लागता जे कुळ वाढलं त्यात ‘सायन्स’ येतो. शाळेत वहीवर ज्याचं नाव घालून आपण मान ताठ करायचो तो विषय, आणि व्हॉट्सॲपवरचा हा सर्वांत स्वस्त शेरा, एका घरचे. एकाला कळतं, दुसऱ्याला कळत नाही, एवढाच फरक. बरेच व्युत्पत्तिकार याच्याही मागे जातात आणि ‘स्किरे’चा संबंध कापणे, वेगळे करणे या अर्थाच्या मूळ धातूशी जोडतात. आपला ‘छेद’ त्याच भावकीतला. जाणणं म्हणजे दोन गोष्टी वेगळ्या करता येणं. आपल्या ‘विवेक’ शब्दातही वेगळं करणंच आहे, तेव्हा ही कल्पना आपल्याला परकी वाटू नये. वृत्तसंपादकांच्या त्या दोन रेघा मला पुन्हा आठवल्या.

पण बावळटाचा छान झाला कसा? उडी मारून नाही. पायरी पायरीने, मुक्काम करत करत. अजाण माणूस बुजतो, म्हणून नाइस म्हणजे लाजरा, भित्रा. लाजरा माणूस प्रत्येक गोष्टीला नाक मुरडतो, हे नको, ते नको, म्हणून चौदाव्या शतकाच्या अखेरीस नाइस म्हणजे चोखंदळ, नखरेल. ज्याला चटकन काही पसंत पडत नाही त्याची नजर बारीक असते, म्हणून पुढे नाइस म्हणजे नाजूक, काटेकोर, सूक्ष्म. न्यायाधीशांचा ‘नाइस क्वेश्चन’ हा या मुक्कामावरचा. कायद्याची भाषा जुन्या वाड्यासारखी असते, बाहेर फेकून दिलेली भांडी तिथे माळ्यावर शाबूत सापडतात. आणि अखेर, काटेकोर निवडलेली वस्तू ती चांगलीच असणार, म्हणून १७६९च्या सुमारास नाइस म्हणजे छान, सुखद. दयाळू, प्रेमळ हा अर्थ त्याहूनही अलीकडचा, एकोणिसाव्या शतकातला.

मधल्या मुक्कामात गोंधळही कमी नव्हता. शेक्सपिअरच्या ‘रोमिओ आणि ज्युलिएट’मध्ये एक पत्र वेळेवर पोचत नाही आणि त्यापायी सगळा अनर्थ होतो. ते पत्र ‘नाइस’ नव्हतं, असं पाद्री म्हणतो. म्हणजे? ते क्षुल्लक नव्हतं, महत्त्वाचं होतं! वाचणाऱ्याने कुठल्या शतकाचा चष्मा लावायचा हे आधी ठरवलं पाहिजे.

मला सर्वांत आवडलेला नाइस एका सेनापतीचा आहे, आणि तो सेनापती मराठी माणसाच्या ओळखीचा. १८०३मध्ये आसईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवणारा आर्थर वेलस्ली. तोच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८ जून १८१५ला त्याने वॉटर्लूवर नेपोलियनला हरवलं. दुसऱ्या दिवशी ब्रसेल्समध्ये थॉमस क्रीव्ही नावाचे एक ओळखीचे गृहस्थ त्याला भेटायला गेले. ब्ल्यूखरची (हा त्याच्या बाजूने लढलेला प्रशियाचा सेनापती) आणि माझी मिळून तीस हजार माणसं गेली, असं वेलिंग्टनने सांगितलं, आणि त्याच दमात लढाईचं वर्णन केलं ते ‘डॅम्ड नाइस थिंग’ असं. पुढे जोडलं की इतक्या थोडक्यात निभावलेली गोष्ट तुम्ही जन्मात पाहिली नसेल. क्रीव्हीने ते लिहून ठेवलं म्हणून आपल्याला कळतं. तीस हजार माणसांच्या बातमीला लागून आलेला नाइस! आज कुणी तो वाचला तर वेलिंग्टनला राक्षस म्हणेल. पण तो सांगत होता, काट्यावर तोललेली गोष्ट होती, केसभर इकडे की तिकडे.

मी काकांना लगेच फोन करून हे सांगितलं नाही. काकांना कुठलीही गोष्ट फोनवर सांगितली की ते मध्येच ‘बरें बरें’ म्हणून ठेवून देतात. शिवाय मला आणखी एक धागा सुटत नव्हता. अजाणपणातून सौंदर्य निघालं, ही वाट मी कुठेतरी पाहिली होती. घरी येताना फेरीबोटीत ते सुचलं.

मुग्ध!

संस्कृतात ‘मुह्’ म्हणजे गोंधळणे, भान हरपणे. त्याच्या भूतकाळी विशेषणाची दोन रूपं होतात आणि पाणिनीने दोन्हींना परवानगी दिली आहे: एक मूढ, एक मुग्ध. जुळे भाऊच. मुळात अर्थ एकच, ज्याला काही उमगत नाही असा. मग एक भाऊ पाठशाळेत सापडला आणि जन्मभर मार खात राहिला. दुसरा कवींच्या हाती लागला. त्याचा अजाणपणा आधी निरागस ठरला, मग मोहक, आणि मग कवींनी त्याची नायिका केली, मुग्धा. आमच्या शाळेत माझ्या वर्गात दोन मुग्धा होत्या. मूढा एकही नव्हती, निदान हजेरीपटावर. इंग्रजीला जो प्रवास एका शब्दाने फ्रान्समार्गे पाचशे वर्षांत करावा लागला, तो आपल्याकडे जुळ्यांनी वाटून घेतला.

मी मांडवी ओलांडत होते. आमची बोट पणजीहून बेतीला चालली होती आणि बेतीची बोट पणजीला, नदीच्या मध्यावर दोन्ही एकमेकींना घासून गेल्यासारख्या गेल्या. इंग्रजीतला ‘सिली’ हा शब्द त्या दुसऱ्या बोटीत बसलेला. आज सिली म्हणजे वेडगळ. पण तो निघाला होता ‘धन्य, पुण्यवान’ या धक्क्यावरून. पुण्यवान माणूस साधा, साधा माणूस बिचारा, बिचारा माणूस खुळा, असा घसरत आला. म्हणजे मधल्या कुठल्यातरी शतकात मूर्खपणाकडून चांगुलपणाकडे चाललेला नाइस आणि उलटा येणारा सिली शेजारून गेले असणार. एकमेकांना हात केला असेल का, कोण जाणे.

आपल्याकडे सिलीच्या बोटीत बसलेला माणूस म्हणजे शहाणा. ‘सज्ञान’पासून आलेला, जाणता, नेशिउच्या अगदी उलट टोकाचा. आणि आज? “मोठा शहाणा लागून गेलास!” दीडशहाणा. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. इंग्रजांनी अजाणाला डोक्यावर घेतलं आणि आपण जाणत्याला खाली ओढलं, असं म्हणायचा मोह होतो. पण एवढ्यावरून दोन समाजांच्या स्वभावाचे निष्कर्ष काढणारे लेख मी डेस्कवर पुष्कळ कापले आहेत, तेव्हा नकोच.

कौतुकाच्या शब्दांची मुळं सहसा खानदानी नसतातच. ‘मस्त’ घ्या. फारसीत मस्त म्हणजे झिंगलेला. माजावर आलेल्या हत्तीला अजूनही मस्त म्हणतात. तरी ‘सोलकढी मस्त झालीय’ असं म्हणताना कुणाला दारू आठवत नाही, गोव्यातसुद्धा. ‘भारी’ म्हणजे तर नुसतं वजन.

इंग्रजीतले शुद्धिप्रेमी मात्र नाइसवर सतत चिडत आले आहेत. जेन ऑस्टिनच्या १८१७च्या अखेरीस निघालेल्या ‘नॉर्थँगर ॲबी’ या कादंबरीत एक तरुण नायिकेची यावरून थट्टा करतो. आजचा दिवस नाइस, आपलं फिरणं नाइस, तुम्ही दोघी मुली नाइस, काय सोयीचा शब्द आहे, कशालाही चालतो! मग तो जरा पंडिताच्या सुरात सांगतो की मुळात हा शब्द नीटनेटकेपणा, नाजूकपणा अशाच गुणांसाठी असावा. मुळात! त्याला बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं की ‘मुळात’ म्हणून खरंच मुळाशी गेला असता तर त्याने दोन मुलींना बावळट म्हटलं असतं. त्यानंतर शंभर वर्षांनी, १९२६मध्ये, फाउलर नावाच्या वैयाकरणाने आपल्या प्रसिद्ध वापरकोशात ठपकाच ठेवला, की बायकांनी या शब्दावर इतका जीव लावला की त्याचं सगळं व्यक्तिमत्त्व गेलं. शब्द घासून गुळगुळीत झाला की दोष बायकांचा. भांडी घासून लख्ख झाली की मात्र कुणाचंच नाव नाही.

मला शुद्धिप्रेमींची बाजू कळते. मी स्वतः नव्या मुलांच्या कॉपीतून ‘छान’ खोडते. ‘कार्यक्रम छान झाला’ म्हणजे काय झाला? कोण गायलं, किती वाजेपर्यंत, चहा होता का, ते लिही. पण शेरा आणि बातमी यांत फरक आहे. शेऱ्याचं काम माहिती देणं नसतंच. दारात उभ्या असलेल्या माणसाला ‘या’ म्हणावं तसं ते असतं. आणि ‘या’ला कुणी व्युत्पत्ती विचारत नाही.

आमच्या घरात या कामाला ‘बरें’ आहे. कोकणी ‘बरें’ आणि मराठी ‘बरं’ हे दोन्ही संस्कृत ‘वर’चे, म्हणजे श्रेष्ठ, निवडून घ्यावं असं. पण घाटावर जाता जाता त्याची उंची कमी झाली. पुण्यात ‘बरं आहे’ म्हणजे चालेल, रडण्यासारखं काही नाही. गोव्यात ‘बरें’ म्हणजे चांगलं, पूर्ण चांगलं. आभार मानायचे तरी आम्ही ‘देव बरें करूं’ म्हणतो, आणि देव काही जेमतेम करणार नसतो. या फरकापायी आमच्याकडे एकदा चांगलंच महाभारत झालं. नातवाची आई मूळची पुण्याची. लग्नानंतर पहिल्या पाडव्याला तिने पुरणपोळ्या केल्या, सकाळपासून राबून. काकींनी पहिला घास घेतला आणि मनापासून म्हणाल्या, “बरें जालां.” सुनेचा चेहरा उतरला. काकी आणखी एक पोळी घेतायत आणि सून आत जाऊन डोळे पुसतेय! दोन दिवसांनी कुणीतरी दुभाष्याचं काम केलं तेव्हा कुठे उलगडा झाला. आता ती सून स्वतः ‘बरें’ म्हणते, आणि पुण्याला माहेरी गेली की तिथे लोक तिच्यावर नाराज होतात.

चवथीला सगळे म्हार्दोळला जमलो. घर पुन्हा शाकारलेलं. नव्या वाशांना अजून लाकडाचा वास, जुनं आढं तसंच काळं, काकांनी ते रंगवू दिलं नव्हतं. माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळापानांची चौकट, बांधायचं काम नातवाकडे आलं होतं, कारण तो उंच. नारळांची पेंड, सुपारीचे शिंपुटे, तोरिंगण, काकड्या, रानातली कसली कसली फळं, एकेक वर देत होते काका, नाव सांगून. तो नाव विसरत होता आणि काका ‘बुर्रु’ म्हणत होते. बुर्रु ऐकून मला बरं वाटलं. म्हणजे बढती झाली होती.

दुपारी जेवणं झाल्यावर तो मागच्या सोप्यात माझ्याशेजारी येऊन बसला. मी सहज विचारलं, मे महिन्यात असं का लिहिलंस रे?

“आत्या, मी मीटिंगमध्ये होतो,” तो म्हणाला. “टेबलाखाली फोन बघितला. ते ऊन… देवखोलीत मी कधी ऊन बघितलंच नव्हतं. लहानपणी मला वाटायचं ती खोली अंधाराचीच असते. मला एकदम कसंतरी झालं. काय लिहायचं ते कळेना. मग नाइस लिहिलं.”

‘कळेना’ म्हणताना त्याने हात असा उघडा केला. लॅटिनमध्ये ‘मला कळत नाही’ याला एकच शब्द आहे, ‘नेस्कियो’. मी त्याला ते सांगणार होते, पण त्याच्या डोळ्यांत पाणी आल्यासारखं दिसलं, किंवा आत खतखत्यात तिरफळं जास्त पडली असतील. मी पाण्याचा तांब्या पुढे केला.

काकांना मात्र मी संध्याकाळी सगळं सांगितलं, आरतीआधी, ते निरांजनाच्या वाती वळत बसले होते तेव्हा. लॅटिन, फ्रेंच, वेलिंग्टन, सगळं. मध्ये ‘बरें बरें’ म्हणून उठायची सोय नव्हती, हात तुपाने भरलेले. त्यांनी पहिली शंका काढली ती अपेक्षित होती. “म्हणजे इंग्रजांनी पोर्तुगीजांकडून घेतला.” नाही काका, दोघांनी लॅटिनकडून. “तेच ते,” काका म्हणाले.

मग थोडा वेळ वाती वळत राहिले.

“म्हणजे मी त्याला नेशिउ म्हटलं, ते नाइस म्हटल्यासारखंच झालं?”

“मूळ धरलं तर, हो.”

“मग नेशिउ नको.” पुढची वात. “मूढ म्हणतो.”

मी मुग्धाची गोष्ट सांगितली. जुळ्या भावांची, पाणिनीच्या परवानगीची. काकांनी वात खाली ठेवली. एवढ्या वर्षांत त्यांच्या इतक्या पक्क्या शिव्या एका दिवसात कुणी अशा मऊ करून टाकल्या नव्हत्या.

“वेडा?” त्यांनी जरा आशेने विचारलं.

“वेडा म्हणजे तर लाडच. गाण्याचं वेड, क्रिकेटचं वेड. ‘वेडं गं माझं बाळ ते’, असं काकीच म्हणायच्या की त्याला.”

काकांनी आत माटोळीखाली उभ्या असलेल्या नातवाकडे पाहिलं. तो मोबाइल उंच धरून, मान वाकडी करून, काळ्या आढ्यासकट माटोळीचा फोटो काढत होता आणि त्याचा पाय नैवेद्याच्या केळीच्या पानावर पडायला बोटभर बाकी होता.

तेव्हा काकांनी एक अस्सल कोकणी शब्द उच्चारला. चार अक्षरी. घरभर ऐकू गेला, सून आतून हसली, नातवाने पाय मागे घेतला.

त्या शब्दाची व्युत्पत्ती मी शोधणार नाही.